भिंगावरची शेवटची पेशी

मी एक पेशी बोलतेय. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराची पेशी. माझ्यासारख्या तुमच्या अंगात अगणित आहेत, आणि त्यांतल्या एकीनेही आजवर तुम्हाला आपली हकिकत ऐकवलेली नाही. मलाही ऐकवायची सवय नाही. त्यात मला एक जन्मजात खोड आहे: प्रत्येक वाक्य बोलून झालं की ‘हे बरोबर सांगितलं ना?’ असं स्वतःलाच विचारायची. पण आज वेळ थोडा उरलाय आणि मन भरून आलंय, म्हणून बोलते. मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या.

मी राहते एका बाळाच्या उजव्या डोळ्यात. अगदी पुढे, बाहुलीच्या मागे, भिंगाच्या अंगावर.

तुम्ही म्हणाल, भिंगावर कुठली आली रक्तवाहिनी? खरंय तुमचं. तुमच्या डोळ्यातलं भिंग आज काचेसारखं स्वच्छ आहे. त्यावर रक्तवाहिन्या असत्या तर तुम्हाला सगळं जग जळमटांतून बघावं लागलं असतं. पण तेच भिंग आईच्या पोटात घडत होतं तेव्हा त्याला भूक लागायचीच की. त्याला खाऊपिऊ घालायला प्रत्येक बाळाच्या डोळ्यात रक्तवाहिन्यांचं एक बारीक जाळं विणलं जातं. टोपी घालावी तसं ते भिंगाला बसतं. भिंग पुरतं घडलं, की जाळं उतरवायचं. इमारत बांधून झाली की परांची काढतात ना, तसं. आम्ही त्या परांचीचे बांबू.

हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं मात्र समजू नका. बांबूला कोण सांगतं?

माझ्या जन्माची तारीख मला ठाऊक नाही. तारखांबद्दल पुढे बरंच बोलायचंय, म्हणून आत्ताच कबूल करून टाकते. एका पेशीच्या दोन झाल्या, त्यांतली डावीकडची मी. डोळे उघडले, म्हणजे आपली बोलायची रीत, तेव्हा समोरून लाल पेशी एकामागून एक अंग चोरून चालल्या होत्या. त्यांना वाट द्यायची आणि त्यांनी आणलेलं भिंगापर्यंत पोचतं करायचं, एवढंच काम. दोन्ही बाजूंना बहिणी, हातात हात. फट पडू द्यायची नाही.

आमच्या वाहिनीला बाहेरून मिठी मारून बसलेल्या काही आधारपेशी होत्या. त्यांना मी आत्या म्हणत असे. आत्यांच्या अंगातून एक रसायन झिरपायचं. माझ्या अंगावर त्याचं कुलूप होतं. रसायन कुलपात बसलं की किल्ली फिरायची आणि आत निरोप पोचायचा: राहा. भिंगाकडूनही वेगळ्या रसायनातून तसाच निरोप यायचा. राहा, राहा, राहा. दिवसभर.

तुम्हाला वाटतं जगणं आपसूक चालतं. आम्हा पेशींचं तसं नाही. आम्हाला कुणीतरी सतत ‘राहा’ म्हणावं लागतं. म्हणायचं थांबलं तर मरायची सगळी सामग्री आमच्या पोटातच असते: बारीक बारीक कात्र्या, म्यानात घालून ठेवलेल्या. मला त्या कात्र्यांची फार धास्ती वाटायची. कुणी चुकून निरोप द्यायचं विसरलं तर? आत्यांना डुलकी लागली तर? आत्या म्हणायच्या, “अगं, किती काळजी करशील! आधी समोरचं रक्त तर जाऊ दे.”

मग एके दिवशी सकाळी घरच हललं. सगळं आवळलं, सुटलं, पुन्हा आवळलं. गार हवा लागली. पापण्यांच्या फटीतून काहीतरी आत आलं, ज्याला उजेड म्हणतात हे मला नंतर कळलं. बाळ जन्माला आलं होतं. मुलगी. वजन साडेअकराशे ग्रॅम.

आतल्या मला बाहेरचं बोलणं कसं ऐकू आलं, हे विचारू नका. रक्तातून थरथर येते, बाहुलीतून चेहरे दिसतात, उरलेलं मी जुळवून घेते. कुठे कमीजास्त झालं असेल तर दोष माझा.

बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. पेटीपाशी आई असायची. ती पडदे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. बोटांना सुईचे घट्टे, आणि पेटीच्या भोकातून हात आत घालताना ती ते घट्टे लपवायची, जणू बाळाला टोचतील. तिच्या मागे आजी, म्हणजे आईच्या सासूबाई. ताठ मान, आवाज खणखणीत. बाबा गोदीत क्रेन चालवायचे. आल्यावर ते काचेला नाक लावून उभे राहायचे आणि तसेच परत जायचे.

आजीने पहिल्याच दिवशी नाव ठेवून टाकलं. “दीड महिना आधी आली. घाईबाई आहे नुसती.” झालं, सगळे तेच म्हणायला लागले.

पण घाईबाई श्वास घ्यायला विसरायची. दिवसातून पाच-सहा वेळा यंत्र किंचाळायचं. सिस्टर धावत यायच्या, तळपायाला टिचकी मारायच्या: “ए राणी, श्वास कोण घेणार? मी?” मग ती दचकून श्वास घ्यायची. तेवढ्या वेळात आत आमच्याकडे रक्त निळसर आणि दमलेलं यायचं.

बाळांचे डॉक्टर कपाळाला आठ्या घालून पेटीपाशी उभे राहिले.

“तारीख नक्की ना तुमची?” त्यांनी विचारलं.

“नक्की म्हणजे? स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल केलाय मी,” आजी म्हणाली. “हिची पाळी, दूधवाल्याचे खाडे, गॅस, सगळं त्यावर असतं. पहिल्या तपासणीला मीच फोनवरून तारीख सांगितली. तेहतीस आठवडे पूर्ण.”

“अहो आई, मला वाटतं त्यानंतर एकदा…” आईने हळूच सुरुवात केली.

“तुला काय आठवणार? हातातली कात्री कुठे ठेवली ते तुला आठवत नाही.”

पहिली तपासणी झाली होती सातव्या महिन्यात. कारखान्यात कामाची गर्दी होती, आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेलं होतं. तेव्हाच्या सोनोग्राफीत ‘बाळ तारखेच्या मानाने लहान’ असं लिहून दिलं होतं. आजीने त्याचा अर्थ ‘सून जेवत नाही’ असा लावला होता.

“तेहतीस आठवड्यांच्या बाळाने इतक्यांदा श्वास विसरायला नको,” डॉक्टर म्हणाले. “मग मेंदूत रक्तस्राव झालाय का, संसर्ग आहे का, सगळं शोधावं लागेल. पाठीच्या कण्यातून पाणी काढून बघावं लागेल. पण हिच्या तळपायांवर एकही रेघ नाही. कातडी बघा, आरपार दिसते. मला ही तारीखच पटत नाहीये.” ते सिस्टरकडे वळले. “डोळ्यांच्या बाईंना बोलवा.”

पाठीत सुई घालायची म्हटल्यावर आईने पेटीची कड घट्ट धरली.

डोळ्यांच्या डॉक्टर बुटक्या होत्या. पेटीपर्यंत हात पोचायला त्यांना पायाखाली स्टूल लागायचं, ते त्या स्वतःच काखेत मारून आणायच्या. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले. बाहुली रुंद झाली, दार सताड उघडावं तशी. मग त्यांनी हातातला दिवा लावला आणि बारीक भोकातून आत बघितलं.

सरळ माझ्याकडे.

मी आजवर कुणाच्या नजरेला पडले नव्हते. काय करावं सुचेना. उगाच नीट बसले, बहिणींचे हात घट्ट धरले. त्या बघत होत्या आणि पुटपुटत होत्या: “कडेला आहे… इथे आहे… मध्यावर पण आहे, जरासं विरळ व्हायला लागलंय, बस. दुसरा बघू. तसाच.” त्यांनी दिवा बंद केला. “एकोणतीस आठवडे. ओढूनताणून तीस.”

“डोळ्यात बघून महिने सांगता?” आजीचा आवाज चढला. “ज्योतिषी आहात की डॉक्टर?”

“ज्योतिषी पुढचं सांगतात, आजी. मी मागचं सांगते.” त्या स्टुलावरून उतरल्या. “भिंगावर एक जाळं असतं. सत्तावीस-अठ्ठावीस आठवड्यांना भरगच्च. मग मधून विरत विरत चौतिसाव्याला संपतं. हिचं जवळजवळ सगळं शाबूत आहे. तुमच्या घरी एक कॅलेंडर, माझं हे.”

“माझ्या कॅलेंडरवरचा गोल आजवर चुकलेला नाही,” असं म्हणून आजी तरातरा निघून गेली.

दुपारी ती परत आली तेव्हा काखेत कॅलेंडरची गुंडाळी होती. चालही वेगळी होती. पेटीपाशी येऊन तिने कागद उलगडला. कागदावर हळदीचे आणि तेलाचे डाग.

“हा गोल,” ती म्हणाली. तिने त्यावर बोट ठेवलं. “हा गॅसचा. त्या दिवशी सिलिंडर आला होता. तुझी फुली पुढच्या पानावर आहे गं. पान चिकटलं होतं. चार आठवडे पुढे.”

सिस्टर तोंडावर हात धरून वळल्या. बाळांच्या डॉक्टरांनी खोकल्याचं निमित्त केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तेवढंही केलं नाही. त्या सरळ हसल्या. “म्हणजे आम्ही सिलिंडरची प्रसूती-तारीख काढत होतो!”

आजी हसली नाही. तिची ती ताठ मान पहिल्यांदाच खाली गेली. “माझ्यामुळे पोरीला काही झालं का हो?”

“काही झालेलं नाही,” बाळांचे डॉक्टर म्हणाले. “एकोणतीस आठवड्यांचं बाळ श्वास विसरतंच. मेंदू अजून शिकतोय. आता त्यावरचं औषध देऊ. पाठीतली सुई सध्या राहू दे. प्राणवायू मात्र आता अगदी तोलून द्यायचा. हिच्या डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर रक्तवाहिन्या काठापर्यंत पोचायला अजून बराच वेळ आहे. प्राणवायू जास्त झाला तर त्या वाढायच्या थांबतात, आणि मग एकदम वेड्यावाकड्या सुटतात. त्यात नजर जाऊ शकते.”

आईने आजीच्या हातातून कॅलेंडर घेतलं, गुंडाळलं, आणि दुसऱ्या हाताने आजीचा हात धरला. सासूसुनांमध्ये असं काही त्या आधी झालं असावं असं मला वाटत नाही, कारण दोघीही अवघडून उभ्या राहिल्या होत्या.

त्या दिवसापुरती मी फार मोठी झाले होते हो. आमच्याकडे बघून कुणीतरी एका बाळाचं खरं वय वाचलं होतं. पण खोड जाते कुठे? लगेच विचार आला: आपण मध्यावर विरळ झालो म्हणजे काय? कोण कमी झालं?

थोरली कमी झाली होती. ती माझ्या पलीकडे तिसरी, बरोबर बाहुलीच्या मध्यावर बसायची. काही दिवसांपासून आमच्या वाहिनीवर काका येऊन बसू लागले होते. काका म्हणजे भक्षक पेशी, अंगाने मोठ्या, हळू चालणाऱ्या, उरलंसुरलं उचलणाऱ्या. ते थोरलीच्या पाठीला टेकून बसले आणि तिच्या हाती त्यांनी काहीतरी दिलं. ती आक्रसली. तिने दोन्हीकडचे हात सोडले, आणि ती प्रवाहात गळून पडली. वाट तुंबली. पलीकडे रक्त जाईना. आणि मग तिच्या पुढच्या दोघी, त्यांच्या पुढच्या तिघी.

मी ओरडले, “मारलंत तुम्ही तिला!”

“निरोप दिला,” काका म्हणाले. “मारलं नाही. बघ तरी.”

मी बघितलं. ती फुटली नव्हती. एकदा डोळ्याला जोरात दाब बसला होता तेव्हा एक पेशी फुटताना मी पाहिली होती. पोटातलं सगळं बाहेर, आजूबाजूच्यांना आग. थोरलीने तसं काही केलं नव्हतं. तिने स्वतःच्या छोट्या छोट्या पुड्या बांधल्या होत्या, घट्ट, एक थेंब न सांडता. आणि प्रत्येक पुडीवर, आतला एक पदार्थ बाहेरच्या अंगाला आणून, निशाणी लावली होती: न्या मला. काकांनी एकेक पुडी उचलली. थोड्या वेळाने तिथे काहीच नव्हतं. नुसता उजेड.

“हे सगळं कशासाठी?” मी विचारलं.

“तिच्या मागे काय आहे ते कधी बघितलंस?”

खरं सांगते, नव्हतं बघितलं. आम्ही समोरच्या रक्ताकडे बघणाऱ्या. मागे भिंग, त्यामागे पोकळी, आणि तिच्या तळाशी तो पडदा होता, ज्यावर बाहेरच्या जगाचं चित्र पडायचं होतं. आम्ही मध्ये उभ्या होतो.

तेव्हापासून मी भीतभीतच माझ्या पाळीची वाट बघू लागले. आणि माझी पाळी येईना.

आठवडे गेले. डाव्या डोळ्यातलं जाळं सावकाश विरून गेलं, व्हायला हवं तसं. उजव्यात, आमच्याकडे, मध्यावरून जाणारे चार धागे मात्र टिकून राहिले. कारण नंतर कळलं. घाईबाईला मध्ये एकदा फुप्फुसांचा त्रास झाला होता. त्या दिवसांत मागच्या पडद्याला प्राणवायू पुरेना. उपाशी पडदा घाबरला आणि रसायनातून हाका मारू लागला: वाहिन्या हव्यात, राहा, कुणी जाऊ नका! हाक त्याच्या नव्या वाहिन्यांसाठी होती. पण रसायन काय, पाण्यात पसरतं. आमच्यापर्यंत पोचलं. आत्यांचा निरोप क्षीण झाला होता तरी या हाकेवर आम्ही तगून होतो.

मला बरं वाटत होतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण बरं वाटत होतं. कुणीतरी राहा म्हणतंय ना, मग राहावं. माझ्या राहण्याने कुणाचं काय बिघडतंय?

काय बिघडतंय ते चौथ्या आठवड्याच्या तपासणीला कळलं. डोळ्यांच्या डॉक्टर स्टूल घेऊन आल्या. डाव्या डोळ्याला वेळ लागला नाही. उजव्याला लागला. त्यांनी दिवा वर केला, खाली केला, कपाळावरचा घाम पुसला, पुन्हा बघितलं.

“डावा ठीक चाललाय,” त्या शेवटी आईला म्हणाल्या. “उजव्यात ते जाळं अजून मधोमध आहे. त्यामुळे मागचा पडदा नीट दिसत नाही.”

“म्हणजे काय होईल?” आईने विचारलं.

“मागच्या वाहिन्या सरळ चालल्या असतील तर काहीच नाही. वाकड्या गेल्या असतील तर वेळेत लेसर द्यावा लागतो, दोन-तीन दिवसांच्या आत. पण मला दिसलंच नाही तर कळणार कसं, आणि लेसर देणार कुठे? पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू. तोवर गेलं नाही तर मोठ्या रुग्णालयात पाठवून डोळा उघडून ते काढावं लागेल. एवढुशा डोळ्यात ते सोपं नसतं, हे तुम्हाला आधीच सांगते.”

आजी म्हणाली, “बाई, ज्या जाळ्याने आमची चूक दाखवली तेच आता…”

“तेच. तेव्हा असायला हवं होतं, आता नसायला हवं.”

आई उठताना म्हणाली, “घाईबाई, जाते हं मी.”

“जाते काय म्हणतेस?” आजी खेकसली. “येते म्हणावं.”

“येते हं,” आई म्हणाली. “आणि घाईबाई, बाकी कशाची नको, एवढ्या एका बाबतीत घाई कर.”

त्या शब्दांनी मला जे झालं ते सांगता येणार नाही. ती जिला घाई कर म्हणत होती ती घाईबाई नव्हती, मी होते. आणि मला स्वतःहून काहीच करता येत नव्हतं. जीव द्यायचा म्हणून आम्हाला देता येत नाही. निरोप यावा लागतो. आला तर ऐकू यावा लागतो. मला शंका खाऊ लागली: निरोप येऊन गेला आणि मी ऐकला नाही असं तर झालं नसेल? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, “मी देतोय रोज. तिकडून तो पडदा ‘राहा’ म्हणून ओरडतोय तोवर माझं एकट्याचं चालत नाही.”

म्हणजे आधी पडद्याची भीती जायला हवी होती.

ती कशी गेली ते सांगते, कारण माझे खरे उपकारकर्ते तिथे आहेत. सिस्टरने आईला आरामखुर्चीत बसवलं आणि बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवलं, अंगाला अंग. वरून मऊ चादर. “हलू नका. तुम्हीच आता पेटी,” सिस्टर म्हणाल्या. आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायची. पाठीला रग लागली की आजी तिच्या कमरेमागे उशी सरकवायची, तोंडासमोर पेला धरायची. आईच्या श्वासाबरोबर घाईबाईचा श्वास चालायला लागला. यंत्र एकेका दिवसाने कमी किंचाळू लागलं. प्राणवायूच्या आकड्याचं वरखाली होणं थांबलं. काचेच्या पेटीसाठी आईने जाड कापडाचं झाकणही शिवून आणलं, कडेला दुहेरी शिवण घालून. डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, “झकास! तुम्ही पडदे लावा, मी उघडते.”

मला आत सगळ्यात आधी रक्ताच्या रंगावरून कळलं. ते भरभरून लाल येऊ लागलं. मग तळाकडून येणारी ती हाक मंदावली. पडदा आता ओरडत नव्हता. मग कुजबुजत होता. मग गप्प झाला.

हे आज पहाटेच्या आधी झालं की नंतर ते नक्की सांगत नाही, चूक व्हायची. पण आज सकाळी कापडाचं झाकण दूर झालं तेव्हा मला जाणवलं की माझं कुलूप रिकामं आहे. आत्यांनी एक नवं रसायन सोडलं होतं. ते त्याच कुलपात बसत होतं, पण किल्ली फिरवत नव्हतं. जुन्या निरोपाची जागा अडवून नुसतं बसलं होतं. मी आत्यांकडे बघितलं. माझ्या पाठीवरचा त्यांचा हात मात्र तसाच होता.

मग काका आले. टेकून बसले. त्यांनी माझ्या हाती दिलेला निरोप मी उलगडला, आणि गोंधळून गेले.

“काका, यात मर असं लिहिलेलं नाही.”

“नाहीच.”

“यात ‘दोन हो’ असं आहे. एकीच्या दोन हो.”

“हो.”

काय सांगू तुम्हाला! मी आयुष्यभर कात्र्यांची धास्ती घेतलेली, आणि निरोप होता बाळंतपणाचा. मी लगबगीने तयारीला लागले. पोटातला गुणसूत्रांचा गुंता सोडवून त्याची दुसरी प्रत करायला घेतली. अर्ध्यावर आले आणि थबकले. दोन व्हायला बळ लागतं, आणि मागून कुणीतरी ‘राहा’ म्हणावं लागतं. मी कान दिला. आत्या नाहीत. भिंग नाही. पडदाही नाही. मी वाढायला निघाले होते आणि मला राहा म्हणणारं कुणी नव्हतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की आमच्या पोटात जो निर्णय होतो, तो झाला. म्यानं उघडली.

दुखत नाही. हे आधी सांगायला हवं होतं मी, तुम्ही काळजी करत असाल. कात्र्या बाहेर आल्या आहेत आणि फार नीटपणे काम करताहेत, आईच्या कारखान्यातल्यासारख्या, रेघेवरून. मी बहिणींचे हात सोडले. त्यांनीही सोडले, कारण त्यांनाही तोच निरोप आहे. समोरचं रक्त थांबलंय. मी पुड्या बांधतेय. सांडू नये एवढीच एक चिंता आता उरली आहे, आणि ती मला शोभते.

आणि मी आभार मानायला बसलेय, तर माणसांपासूनच सुरुवात करते. आजीच्या त्या चुकलेल्या गोलाचे आभार. तो नसता तर मला कुणी बघितलं नसतं. तळपायावरच्या टिचक्यांचे. सुईच्या घट्ट्यांचे. मला इतके आठवडे ‘राहा’ म्हणणाऱ्या सगळ्यांचे, आणि वेळ आल्यावर म्हणायचं थांबलेल्यांचे तर फारच. थांबणं त्यांना सोपं गेलं असेल असं मला वाटत नाही.

स्टूल सरकल्याचा आवाज आला. आज तपासणीचा दिवस आहे. थेंब. दार सताड उघडलं. दिवा.

या वेळी उजेड माझ्यापाशी अडला नाही. माझ्या अंगातून, पुड्यांच्या फटींतून तो मागे गेला, भिंगातून, पोकळीतून, थेट तळाशी. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या. आईचा श्वास थांबला होता. टिचकी आता तिच्याच तळपायाला मारावी लागली असती.

“चार तंतू होते,” डॉक्टर म्हणाल्या. “रक्त वाहत नाहीये त्यांतून. विरताहेत. एक-दोन दिवसांत तेही नसतील.” आणि मग, “मागचं सगळं दिसतंय मला. वाहिन्या सरळ चालल्यात. काठ जवळ आलाय. लेसर नको, मोठं रुग्णालय नको. आणा तिला इकडे, बघू द्या आईला जरा.”

आई वाकली. बाळ बघत होतं की नुसते डोळे उघडे होते, कोण जाणे. थेंबांमुळे सगळं धूसरच असणार. पण बाहुलीच्या मधोमध, जिथे थोरली बसायची आणि नंतर मी, तिथून आईचा चेहरा आत गेला. तो जाताना मी पाहिला.

आजीने पर्समधून पेन काढलं. ती आता कॅलेंडर रोज बरोबरच बाळगते. “आजच्या तारखेवर काय करू गं?”

“काहीही करा, पण शेजारी शब्दांत लिहा,” आई म्हणाली. ती रडत होती आणि हसत होती. “नुसता गोल नको, आई. परत सिलिंडरच व्हायचा.”

मला विचाराल तर, आजी, नुसता गोलच काढा. मध्ये काहीही नसलेला.

काकांनी हात पुढे केलाय. येते.